निंभोरकर सरांचा डावा हात

सोमवारी सकाळी सरावाला धनुष्य उचललं, तेव्हा माझा डावा हात निंभोरकर सरांचा झालेला होता. मनगटापर्यंत मी, पुढे सर. बोटांवर काळे केस, अंगठ्याचं पिवळं नख, करंगळीत पाचूची अंगठी. चार वर्षं रोज बघितलेला हात, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

आमचं धनुष्य तीन तुकड्यांचं असतं. मधे धरायची लाकडी मूठ, आणि तिला वर-खाली बोल्टने कसायची दोन पाती. ही मूठ डाव्या हातात धरायची आणि उजव्याने दोरी ओढायची. आमच्या धनुर्विद्या संस्थेतल्या सगळ्या मुठी एकाच नमुन्यावरून उतरवलेल्या आहेत, आणि तो नमुना सरांच्या हाताचा. तीस वर्षांपूर्वी सरांनी त्या मुठीवर पदक मारलं होतं. माझा हात लहान. ती मूठ माझ्या हातात फिरते आणि प्रत्येक बाण चार बोटं डावीकडे जातो. मला माझ्या मापाची मूठ करून घेऊ द्या, असं मी चार वर्षं सांगत होते. सरांचं चार वर्षं एकच उत्तर होतं.

"मूठ बदलायची नसते, कुंदा. हात जुळवून घ्यायचा असतो."

तो सोमवारी जुळला होता. मी सहा बाण सोडले. सहाही लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात. सर मागून आले. त्यांचा डावा हात पँटच्या खिशात होता.

"बसला ना हात?"

"हा तुमचा आहे, सर."

"मी तेच म्हणतोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहाटे उठून मैदान झाडायचं मी, सोलपटलेल्या बोटांना हळद लावायची मी, आणि आयुष्यातले पहिले सहा पिवळे सरांचे. तरी मी "हो सर" म्हटलं. त्या वेळी मी असं का म्हटलं, याचाही मला अजून राग येतो.

शुक्रवारी विभागाच्या संघाची निवड होती. निवड झालेल्या मुलीच्या अर्जावर मूठ धरायच्या हाताचा ठसा घेतात. एकदा ठसा उमटला की तोच हात कायमचा, पुढे बदलून मिळत नाही. म्हणजे माझ्याकडे चार दिवस होते.

घरी जेवायला बसले तर हाताने ताटावर टिचकी मारून भाजी मागितली. आईने पदर सावरून वाढली. जेवण झाल्यावर तिने त्या हातावर पाणी घातलं आणि नवा टॉवेल काढून दिला. माझ्या उजव्या हातासाठी जुनाच होता.

"आई, हा हात मला नको आहे."

"काय बाई पोरगी! येवढ्या मोठ्या माणसाचा हात घरी आला, अन् तू तोंड फुगवून बसली," आई म्हणाली. "जुळवून घे. म्या नाई घेतलं?"

मी आईच्या हातांकडे बघितलं. दोन्ही आजीचे होते, तिच्या सासूचे. इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात हाताने माझ्याच डोक्यावर थोपटून मला शाब्बासकी दिली. मी उठून त्याला दाराच्या फटीत धरलं आणि दार लोटलं. दुखलं मला.

मंगळवारपासून हात माझी कामं करीनासा झाला. वेणी घालायला हा नाही. भांडी घासायला हा नाही. चहा आणा म्हणून चुटकी वाजवायला मात्र पुढे. बुधवारी मैदानावर कोणीतरी चांगला बाण मारला, म्हणून आम्ही बाराजणींनी टाळ्या वाजवल्या. बाराही टाळ्यांचा आवाज एकच आला. मी रांगेवरून नजर फिरवली. सगळ्यांच्या करंगळीत पाचू होता.

"सवय होते गं, ताई," शेजारची नलू शेंडे म्हणाली. "माझा दिवाळीपासून आहे."

मी तडक सरांच्या खोलीत गेले.

"सर, माझा हात द्या."

सरांनी किल्ल्या चाचपाव्यात तसं खिशात चाचपलं. खिसा चांगलाच फुगलेला होता. "हा नाही, हा शेंडेचा. हाही नाही. अरे हो, तुझा नवीन, म्हणून मनगटालाच लावलाय." त्यांनी हात बाहेर काढून दाखवला. माझाच होता. रविवारी विसरू नये म्हणून मागच्या बाजूला मी पेनने 'दळण' लिहिलं होतं, तेही तसंच होतं.

"द्या तो."

"पण तुला कशाला हवा? मी वापरत नाही तो. नुसता खिशात असतो."

हे ऐकून मला ओरडावंसं वाटलं. वापरला असता तर एकवेळ चाललं असतं. सरांनी हात पुन्हा खिशात घातला आणि मला दारापर्यंत सोडायला आले. दाराची कडी त्यांच्या मापाची होती. त्या दिवसापासून बसचा दांडाही त्यांच्या मापाचा झाला, आणि घरचा नळही.

आमच्या गावात शेवंताबाई खंडारे कुऱ्हाडीचे दांडे करतात. नवरा गेल्यावर त्यांनीच दुकान चालवलं. त्या दांडा करण्याआधी गिऱ्हाइकाचा हात ज्वारीच्या भिजवलेल्या पिठात दाबून घेतात, आणि त्या खळग्यावरून लाकूड तासतात. गुरुवारी मी त्यांच्या पिठाच्या परातीपुढे बसले. शेवंताबाईंनी डाव्या हाताकडे बघितलं.

"हा कोणाचा घेऊन आली वं?"

"सरांचा. माझा त्यांच्याकडे आहे."

"मंग याचं माप कायले घ्यायचं? उजवा तं तुहाच हाये ना?"

"माझाच आहे, मावशी."

"मंग टाक पिठात. त्याचंच माप घेऊ, अन् उलटं कोरू."

मी उजवा हात पिठात दाबला. डावा लगेच मधे आला आणि माझी बोटं नीट करायला लागला. शेवंताबाईंनी त्याला उचलून जमिनीवर ठेवलं आणि वर पाटा ठेवला. मग धावड्याच्या लाकडाचा तुकडा घेऊन बसल्या. मला शिव्या सुचत होत्या तेवढ्या मी पाट्याखालच्या हाताला दिल्या. शेवंताबाईंनी एकदाही थांबवलं नाही.

"चाळीस वर्षं झाले," त्या लाकूड तासता तासता म्हणाल्या, "दांडा हाताले बसवा लागते. हात दांड्याले बसवणारा म्या एकही शहाणा नाई पाह्यला."

संध्याकाळपर्यंत मूठ झाली. छोटीशी. अंगठ्याखाली खोलगट, मागे मऊ उतार. मी तिच्यावरून उजव्या हाताचं बोट फिरवलं आणि मला रडू आलं. चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला माप विचारलं होतं.

शुक्रवारी मी माझ्या मुठीला संस्थेची पाती कसली. टेबलाशी एक गृहस्थ शाईचा पॅड उघडून बसले होते. "आधी बाण, मग ठसा," ते म्हणाले. सर माझ्या मागे, हात खिशात.

"ही कुठली मूठ? कुंदा, अवलक्षण करू नकोस."

शिट्टी झाली. मी रेषेवर उभी राहिले आणि सरांचा हात त्या मुठीवर ठेवला. तो मावेना. बोटं बाहेर आली, अंगठी लाकडात रुतली, पिवळं नख निळं पडलं. हाताने निसटायचा प्रयत्न केला. मी दोरी आणखी ओढली. दोरी ओढली की मूठ हातात घुसते, हे सरांनीच शिकवलं होतं.

"दुखतोय," या वेळी सर मागून म्हणाले. "कुंदा, हात दुखतोय माझा."

"जुळवून घ्या," मी म्हणाले.

खिसा फाटल्याचा आवाज आला. सरांचं डावं मनगट पुढे ताणलेलं होतं आणि सर त्याच्यामागून फरपटत येत होते. माझ्या हाताला त्याची मूठ दिसली होती. शिट्टी झाल्यावर कोणीही रेषेपुढे जात नाही. सर गेले. धनुष्याला वळसा घालून ते माझ्या समोर आले, आणि 'दळण' लिहिलेला हात समोरून मुठीवर येऊन बसला. अंगठ्याखालचा खोलगट भाग भरला. सरांचा हात आपोआप बाजूला झाला आणि बोटं चोळत खाली लोंबकळत राहिला.

मूठ जरासुद्धा फिरत नव्हती. बाणाचं टोक आणि लक्ष्याचं पिवळं एका रेषेत होतं. त्या रेषेत सरांच्या शर्टाचं दुसरं बटण होतं.

"कुंदा, दोरी खाली घे," सर म्हणाले. "हात बसलाय आता."

हात खरंच बसला होता. दोरीवरची तीन बोटं तर पहिल्यापासून माझीच होती.