दोऱ्याने मोजलेला नेपाळ

आमच्या यांना नेपाळ तोंडपाठ होता. हे म्हणजे वेणीमाधव, माझे यजमान. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले आणि नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला देश, समुद्रकिनारा नाही, लोकसंख्या दोन कोटी, मुख्य व्यवसाय शेती, लांबी आठशे किलोमीटर, रुंदी जेमतेम दोनशे. कुणी विचारो न विचारो, हे सांगून मोकळे. नेपाळला ते कधी गेले नव्हते. तसे आम्ही सप्तशृंगीच्या गडापलीकडे फारसे कुठेच गेलो नव्हतो, हेही सांगून टाकते.

सोसायटीचा वॉचमन नेपाळचा होता. सगळे त्याला बहादूर म्हणत. त्याचं नाव करबीर बोहरा आहे हे मला माहीत होतं, कारण गावाकडून येणारी कार्डं तो माझ्याकडून वाचून घ्यायचा. त्याला अक्षरओळख नव्हती. लिपी आपलीच, त्यामुळे वाचता यायचं. निम्मे शब्द मला कळायचे, उरलेल्यांचा अर्थ तो सांगायचा. जिन्याखालच्या खोलीत तो आणि त्याची बायको देउकी राहत. सात वर्षांची मुलगी, कौशी, गावाकडे आजीजवळ होती.

गावाच्या गोष्टी निघाल्या की गडी खुलायचा. पायऱ्यापायऱ्यांची शेतं. पाणी आणायचं तर तासभर खाली उतरायचं. मीठ संपलं तर तीन दिवस चालायचं, कारण मोटार जिथवर येते तिथवरच दुकान. तरणे पुरुष सगळे भारतात. गावात म्हातारे, बायका आणि पोरं. किती किलोमीटर, असं यांनी विचारलं की तो गोंधळायचा. तिकडे अंतर दिवसांत मोजतात, ओझं घेऊन किती वेळा टेकावं लागतं त्यावर मोजतात.

"दिवस हे काळाचं माप आहे बहादूर, अंतराचं नव्हे," हे म्हणायचे आणि स्वतःवरच खूश व्हायचे.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये कार्ड आलं. म्हातारी गेली होती, तिचे दिवसही होऊन गेले होते. पोरीला शेजाऱ्यांनी ठेवून घेतलंय, पण त्यांचीच खाणारी तोंडं आठ आहेत, लवकर येऊन घेऊन जा. मी वाचत होते आणि देउकी भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. तिला सातवा महिना होता.

करबीर आमच्या यांच्याकडे रजा मागायला आला. "बीस दिन, साहेब. जाने का सात, आने का सात, बाकी घर का."

"सात?" यांनी माळ्यावरून शाळेतला जुना नकाशा काढून दिवाणावर पसरला. माझ्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला. मुलांनाही हे असंच शिकवत. दोऱ्याचं टोक सरहद्दीवर धरलं, नदीची वळणं घेत करबीरच्या जिल्ह्यापर्यंत नेलं आणि तेवढा दोरा खालच्या प्रमाणपट्टीवर ताणला. "एकशे चाळीस किलोमीटर. म्हणजे इथून नामपूरला जाऊन थोडं पुढे. डोंगर आहेत, म्हणून पूर्ण एक दिवस धरू. दिल्लीपर्यंत एक, सरहद्दीपर्यंत एक. तीन झाले. जाऊन येऊन सहा, घरी चार. दहा दिवस भरपूर आहेत."

"साहेब, उधर रास्ता नहीं है. ऊपर जाओ, नीचे जाओ, फिर ऊपर."

"ते नकाशात आहे. तपकिरी रंग काय शोभेला दिलाय?"

नकाशा सपाट असतो, हे भूगोलात काठावर पास झालेल्या मलाही कळत होतं. तरी मी दोरा गुंडाळून डब्यात ठेवला. यांचा मला राग येतो, पण माझा त्याहून जास्त येतो.

सोसायटीची मीटिंग झाली. दहा दिवस रजा. तोवर गेटवर देउकी बसेल. अकराव्या दिवशी सकाळी करबीर हजर नसेल तर नवा माणूस ठेवायचा आणि जिन्याखालची खोली त्याला द्यायची. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

दहाव्या दिवशी संध्याकाळी तो आला. एकटाच. हे गॅलरीत उभे होते. "बघ, बसलं की नाही दहा दिवसांत? सात म्हणे." आणि आत जाऊन त्यांनी दोघातिघांना फोन करून हे ऐकवलं.

मी खाली गेले. कौशी कुठे आहे, असं विचारलं.

चौथ्या दिवशी मोटारीचा रस्ता संपला, तो म्हणाला. पाचव्या दिवशी चालत चालत नदीवरच्या पुलाशी पोचला. तिथून घर आणखी दोन दिवस. पुलाशी बसून त्याने बोटांची पेरं मोजली. परत मोजली. पुढे गेलं तर पोरगी मिळते आणि इकडे देउकी पोट घेऊन रस्त्यावर येते. गावचा एक माणूस मीठ घेऊन वर चालला होता, त्याच्याजवळ निरोप दिला: छुट्टी कमी पडली, पावसानंतर येतो, तोवर पोरीला ठेवा. आणि तो मागे फिरला.

"पुल से हमारा डोंगर दिखता है, बाई," तो म्हणाला.

रात्रीच्या जेवणाला मी यांना ते सगळं सांगितलं. यांनी कोशिंबीर वाढून घेतली. "दिल्लीत रेंगाळला असणार. हिशेब बरोबर होता." मला त्या क्षणी ताट उचलून न्यावंसं वाटलं. मी आमटी वाढली.

एप्रिलमध्ये आमच्या नातवाची, अथर्वची, मुंज निघाली. अडीचशे पानं. मांडव, पाण्याचा टँकर, गाड्या लावून घेणं, सगळं करबीरवर सोपवलेलं. मुंजीच्या आदल्या दिवशी सकाळी तो हात पुसत कार्ड घेऊन वर आला. गावच्या मास्तरांचं अक्षर होतं. तुझा निरोप मिळाला. शेजाऱ्यांना आता ठेवून घेणं जमत नाही. एक भला माणूस भारतात चालला होता. म्हणाला, नाशिक माझ्या माहितीचं आहे, बापाकडे पोचवतो. कौशीला त्याच्याबरोबर दिलं. जाताना हसत होती. पोचली की कळव.

कार्ड लिहून बावीस दिवस झाले होते. अशा भल्या माणसांबद्दल मी पेपरात वाचलेलं होतं.

"क्या लिखा है?"

स्वयंपाकघरात आचारी तूप मागत होता. आत्ता सांगितलं तर हा तासाभरात निघून जाणार, हे मला लख्ख दिसलं. अडीचशे माणसं दिसली. मुंज पार पडली की सांगू, एवढंच मी ठरवलं.

"सब ठीक है. कौशी मजेत आहे."

कार्ड मी त्याला परतही दिलं. त्याला कुठे वाचता येत होतं? ते शर्टाच्या खिशात घालून तो दोन दिवस मांडवात राबला. अथर्वच्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा फाटकाशी उभं राहून त्यानेही टाकल्या. मी त्याला लाडू दिले. "कौशी आएगी तो उसको भी दिखाऊंगा, ऐसा मंडप," तो म्हणाला.

मग पूजा, मग पाहुण्यांची पाठवणी. चौथ्या दिवशी घर रिकामं झालं तेव्हा मी खाली गेले आणि कार्ड मागून घेतलं. घामाने शाई थोडी पसरली होती. मी खाली मान घालून एकेक शब्द वाचला, या वेळी खरा. देउकीने दाराची चौकट धरली.

करबीरने कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "ये तो वही है. मुंज के पहले वाला."

"हो."

त्याने गेटच्या किल्ल्या काढून पायरीवर ठेवल्या. मी म्हटलं, मी साहेबांना सांगते, हवी तेवढी रजा घे. त्याने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग असता तर मी सहन केला असता.

"बाई," तो म्हणाला, "आपको तो पढना आता था."