उताऱ्यात आहे तेवढंच

शालू झोपली की मामंजी मूठभर चिंचोके घेऊन रिकामी वाटी पुढे ओढत.

दुपारी अडीच ते चार, एवढाच वेळ माझा होता. सकाळची शाळा करून मी घरी येई, जेवणं उरकत, शालूला थोपटून निजवी. मग मी तांदूळ निवडायला बसे आणि दाराजवळच्या खुर्चीतून मामंजी एकेक इंग्रजी शब्द टाकत.

“रिलक्टंट.”

“नाखूश.”

“ऑब्स्टिनेट.”

“हट्टी.”

“कोणासारखा?”

“तुमच्या नातीसारखा.”

“आजोबांसारखा म्हणायची तुझी छाती नाही. फ्रूगल.”

मी अडले की टपकन एक चिंचोका वाटीत पडे. मोतीबिंदूमुळे त्यांना कोश वाचता येत नव्हता, पण त्यातले शब्द त्यांच्या तोंडात होते. कल्याण स्टेशनात चौतीस वर्षं ते तारमास्तर होते.

मी डोंबिवलीच्या शाळेत दोन वर्षं तात्पुरती शिकवत होते. त्रेपन्नच्या मार्चमध्ये मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, “सरोज, बी.टी.ला प्रवेश मिळव. वर्षभर तुझी जागा राखते. नाही मिळाला तर जूनपासून मला दुसरी बाई बघावी लागेल.” जागा थोड्या आणि अर्ज भाराभर, म्हणून शिक्षक घडवणाऱ्या त्या कॉलेजाने पदवीधरांची इंग्रजीची परीक्षा ठेवली होती. शब्दांचे अर्थ आणि न वाचलेला उतारा. मी बी.ए. होते ती संस्कृत घेऊन. इंग्रजीत कशीबशी तरलेली.

नोकरी गेली असती तर माझा दादा येऊन मला आणि शालूला सांगलीला माहेरी नेणार होता. तसं त्याने लिहिलंही होतं. त्या पत्रात मामंजींचं नाव कुठे नव्हतं. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. आनंद, त्यांचा एकुलता मुलगा, माझा नवरा, आसामात रस्त्याच्या मोजणीवर होता, तो तापाने गेला. आम्ही दोघी निघालो असतो तर या घरात मामंजी आणि त्यांचे न दिसणारे डोळे राहिले असते. यावर आम्ही कधी बोललो नाही. ते शब्द टाकत, मी तांदूळ निवडी.

शब्द हळूहळू जमले. उतारा काही जमेना.

एका उताऱ्यात एक वाटसरू वादळात एका शेतकऱ्याच्या घरी थांबतो आणि पहाटे निघून जातो. प्रश्न होता, त्या घरात वाटसरूला काय मिळालं? मी उत्तर वाचून दाखवलं. निवारा, शेकायला आग आणि जेवण.

“जेवण कुठून आलं?” मामंजींनी विचारलं.

“घरी आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवतील?”

“तू पाठवणार नाहीस. ते साहेब लोक आहेत. उतारा पुन्हा वाच.”

वाचला. जेवणाचा शब्द नव्हता. वाटीत दोन चिंचोके पडले.

दुसऱ्या एका उताऱ्यात आई मुलाला बोटीवर पोचवून परत येते. मी लिहिलं, ती रडत घरी आली. “रडली असेल,” मामंजी म्हणाले, “पण उताऱ्यात रडलेली नाही. हे बघ सरोज, तारेवर बसलेल्या माणसाने टकटक ऐकावी आणि जेवढी आली तेवढी लिहावी. ‘फादर सीरियस’ आलं तर ‘फादर सीरियस’. पुढे ‘काळजी करू नका’ असं पदरचं घालायचं नाही. घातलं तर नोकरी जाते.”

“तुम्हाला कधी घालावंसं वाटलं नाही?”

“रोज वाटायचं,” ते म्हणाले, आणि पुढचा शब्द टाकला.

परीक्षेला आठवडा उरला तेव्हा घरातलं इंग्रजी संपलं होतं. औषधाच्या बाटलीबरोबरचे कागद, शेजारच्या उत्तरावहिनींकडची जुनी वर्तमानपत्रं, सगळे उतारे झाले. मामंजींनी हातातला चिंचोका खाली ठेवला. मग म्हणाले, “माझ्या ट्रंकेत तळाशी तारखात्याचं नियमांचं पुस्तक आहे, ते काढ. मी देवळात जाऊन येतो.” भर दुपारी ते देवळात कधी जात नसत. काठी टेकत गेले.

पुस्तक उघडलं तर मधोमध आनंदच्या साहेबाचं पत्र होतं.

डोळे चांगले होते तोवर आमच्या घरी इंग्रजी पत्र आधी मामंजी वाचत आणि मग सगळ्यांना मराठीत सांगत. हे पत्र आलं तेव्हा मी बाळंतपणाला सांगलीला होते. शालू सव्वा महिन्याची. पत्र घेऊन ते स्वतः आले होते. बाजेशेजारी उभं राहून त्यांनी सांगितलं होतं, “त्याला त्रास झाला नाही. शेवटी तुझं नाव घेतलं.” त्या वाक्यावर मी तीन वर्षं काढली होती. पत्राला हात लावू नकोस असं कुणी म्हटलं नव्हतं. मीच लावला नव्हता.

आता मी ते उताऱ्यासारखं वाचलं, एकेका शब्दावर बोट ठेवून.

दोन तारखेला ताप चढला. तीन तारखेपासून शुद्ध नव्हती, ती परत आली नाही. पाच तारखेला पहाटे गेले. तळावरच्या लोकांनी दहन केलं. ट्रंक, छत्री आणि घड्याळ पाठवत आहोत.

माझं नाव नव्हतं. मी पुन्हा वाचलं. नव्हतंच.

पण शेवटी, साहेबाच्या सहीच्या वर, दोन ओळी होत्या. आपल्या नवजात मुलीला पाहण्यासाठी त्यांनी रजा मागितली होती. बारा तारखेपासूनची रजा मंजूर झाल्याचं त्यांना एक तारखेलाच कळवलं होतं, आणि त्या दिवशी ते फार आनंदात होते.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शालू कुशीवर वळली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तशीच बसून राहिले. मग पत्र होतं त्या पानात ठेवलं. मामंजी आले, पाय धुतले, खुर्चीत बसले. “उतारा सापडला?”

“सापडला.”

“कठीण आहे?”

“शब्द सोपे आहेत,” मी म्हटलं. त्या दिवशी वाटीत एकही चिंचोका पडला नाही.

परीक्षेच्या दिवशी शालूला उत्तरावहिनींकडे ठेवून मी मुंबईला गेले. उतारा एका दीपगृहाच्या रखवालदाराचा होता. बायको आजारी असताना तो दिवा सोडून किनाऱ्यावर जात नाही. शेवटचा प्रश्न: बायकोने त्याला क्षमा केली का? माझ्या मनात केली होती. टाक दौतीत बुडवून मी उतारा परत वाचला आणि लिहिलं, याविषयी उताऱ्यात काही सांगितलेलं नाही.

संध्याकाळी हे मामंजींना सांगितलं. त्यांनी मान हलवली. “पदरचं काही घातलं नाहीस?”

“नाही.” मग मी म्हटलं, “मामंजी, बारा तारखेपासून त्यांची रजा मंजूर झाली होती.”

शालू जमिनीवर चिंचोक्यांची रांग लावत होती. मामंजींचा चेहरा तिच्याकडे होता, पण तिला ते पाहू शकत नव्हते.

“सात दिवस,” ते म्हणाले. “सात दिवसांनी निघाला असता. हे बाळंतिणीला कसं सांगू? ते गाळलं. मग हातात काहीच राहीना, म्हणून दुसरं घातलं. चौतीस वर्षांत नाही केलं ते घरात केलं. नंतर तोंडाने सांगवेना, म्हणून तुला पुस्तक काढायला लावलं.”

“गाळलं तेच मला हवं होतं.”

“ते मला आत्ता कळतंय.” त्यांनी हात पुढे केला. “शालू, एक चिंचोका दे. माझा वाटीत टाक.”

शालूने टाकला. मी तो काढला नाही.

मे महिन्याच्या अखेरीला कॉलेजाचं पत्र आलं. उत्तरावहिनींनी ते टपालवाल्याकडून घेऊन मामंजींच्या हातात दिलं. त्यांनी पाकिटावरून बोटं फिरवली, कडा चाचपली, आणि न फोडताच माझ्यापुढे धरलं.

“आधी तू वाच.”

मी उभ्यानेच फोडलं, दोनदा वाचलं, आणि मराठीत सांगितलं, प्रवेश मिळाला आहे, पंधरा जूनला हजर व्हायचं आहे.

मामंजी खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी विचारलं, “आहे तेवढंच सांगितलंस ना?”

“आहे तेवढंच.”

“मग पुन्हा एकदा वाच,” ते म्हणाले. “इंग्रजीतून.”