तांदळात लिहिलेलं नाव

पौषातल्या दुपारी मुलुंडच्या आमच्या इमारतीत ऊन पश्चिमेच्या गॅलरीतून तिरपं आत येतं, आणि त्या उन्हाबरोबर अजूनही मला एक आवाज ऐकू येतो. स्टीलच्या ताटात बोटांनी सरकवलेल्या तांदळाची बारीक, कोरडी सळसळ. समोरच्या दारातल्या मालतीकाकू रोज त्या वेळी तांदूळ निवडायला बसत. पाठ ताठ, मान किंचित झुकलेली, डावा डोळा मिटत आलेला. दाण्यांचा लहानसा पुंजका उजेडात ओढायचा, क्षणभर निरखायचा आणि पलीकडे लोटायचा. हल्ली पिशवीतला तांदूळ निवडलेलाच येतो, हे मी त्यांना कितीदा सांगितलं असेल. "येतो म्हणतात," एवढंच त्या म्हणत, आणि थोड्या वेळाने एक खडा शोधून माझ्या तळहातावर ठेवत. माझा अगदी जळफळाट व्हायचा.

इमारतीतले नवे बिऱ्हाडकरू त्यांना ईशान्येकडच्या समजत. जुने लोक वर्तकांच्या सूनबाई म्हणूनच ओळखत. दोन्ही समजुतींना त्यांनी कधी धक्का लावला नाही. त्या चीनच्या. एका संथ नदीकाठच्या गावातल्या शिक्षकाची मुलगी, माहेरचं नाव शेन युनलान. युन म्हणजे ढग आणि लान म्हणजे एक सुवासिक रानफूल, असं त्यांनीच मला सांगितलं, तेही शेजार जुना झाल्यावर.

तरुणपणी, परदेशातल्या एका प्रयोगशाळेत, पर्वतशिखरांवर ठेवून परत आणलेल्या रसायन माखलेल्या काचा त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसत. अवकाशातून अखंड कोसळणारे अदृश्य कण त्या काचांत आपला माग ठेवून जात, आणि तो माग ओळखणं हेच त्यांचं काम. तिथेच त्यांना एक रेघ दिसली, जी मध्येच मोडून भलत्या दिशेला वळली होती. काचेवरचा ओरखडा आहे, सोडून दे, असं वरिष्ठांनी सांगितलं. त्यांनी सोडलं नाही. ऋतू पालटले, डोळे सुजले. तशीच रेघ पुन्हा सापडली, मग आणखी एक. तोवर कुणालाच ठाऊक नसलेली निसर्गाची एक तऱ्हा त्या मोडक्या रेघेत उमटली होती, आणि त्या विषयाच्या जाडजूड ग्रंथांत शेन युनलान हे नाव कायमचं जाऊन बसलं. ही बाई आमच्या मजल्यावर पापड वाळत घालायची आणि आम्हाला पत्ता नव्हता.

ते नाव ग्रंथांत राहिलं आणि त्या इकडे आल्या. त्याच प्रयोगशाळेत भेटलेल्या वर्तककाकांशी लग्न करून आल्या, तेव्हा सासूबाईंनी सगळं रीतसर केलं. लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट पुढे आलं आणि काकांनी आईच्या सांगण्यावरून सोन्याच्या अंगठीने त्यात ‘मालती’ लिहिलं. नववधूला मराठी येत नव्हतं. तिला वाटलं, काही आशीर्वाद लिहिलाय. तिने वाकून ताटाला नमस्कार केला. सगळे हसले, पेढे वाटले गेले. आपण आपल्याच नव्या नावाच्या पाया पडलो, हे अक्षरं शिकल्यावर त्यांना उमगलं. हे सांगताना त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. मला मात्र हसू यायचं नाही.

पुढे चीनशी सीमेवर लढाई झाली आणि सगळी दारं एकाएकी मिटली. काका रोज ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात, अणूंच्या गावी जात आणि काकू, ज्यांना त्या गावातली बोली काकांहून अधिक येत होती, गॅलरीतून त्यांची बस वळेपर्यंत पाहत उभ्या राहत. नवऱ्याच्या नोकरीला आच लागू नये म्हणून त्यांनी माहेरी पत्रं पाठवणं थांबवलं. आईवडील केव्हा गेले हे त्यांना फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा रडायला त्यांच्या भाषेतलं कुणी जवळ नव्हतं. उपनगरातल्या एका कॉलेजात त्या वर्षानुवर्षं लंबक आणि भिंगं शिकवत राहिल्या. पोरांच्या लेखी त्या वर्तक मॅडम.

फक्त संध्याकाळी, जिन्याच्या शेवटच्या वळणावर, काका त्यांना त्या जुन्या नावाने हाक मारत. काका गेले आणि ती हाकही गेली. म्हातारपणी काकूंना कशाचीच हाव नव्हती. एकच गोष्ट हवी होती: ते नाव पुन्हा एकदा कुणाच्या तरी तोंडून, आपल्यासाठी म्हणून, नीट ऐकायचं. हे त्यांनी तांदळातून मान वर न करता मला सांगितलं, आणि मी काय, लगेच पदर खोचून तयार.

"युनलान," मी म्हटलं.

"नाही गं. वर ने आवाज. दोन्हीकडे वर, युनलाही आणि लानलाही. काही विचारत्येस ना, तसा."

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी मान हलवली.

"ह्यांचंही चुकायचं, सुधा. पण ह्यांची चूक रोज तीच. ठरलेली चूक असली की माणूस मनातल्या मनात दुरुस्त करून ऐकतो. तुझी रोज निराळी."

अशा कित्येक दुपारी गेल्या. बाहेर मेट्रोच्या खांबांचं ठोकणं चाले, ऊन ताटावरून जमिनीवर आणि जमिनीवरून भिंतीवर चढे, आणि मी त्या दोन उच्चारांशी झटत असे. एकदा शहाणपणा करून मी मोबाइलवर ते नाव बोलायला लावलं. स्वच्छ, निर्दोष आवाज आला. काकूंनी तो शांतपणे ऐकला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण तो मला ओळखत नाही." मी फोन पर्समध्ये टाकला. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी, त्यांचा हात तांदळात थबकला. "जवळ आलीस," म्हणाल्या, "उद्या परत." त्या रात्री झोपेतच त्या गेल्या.

दहाव्याला तलावाकाठी आम्ही मोजकी माणसं होतो. गुरुजींनी नाव विचारलं आणि काकांचा डोंबिवलीचा पुतण्या म्हणाला, "मालती." मला राहवलं नाही.

"थांबा, गुरुजी. त्यांचं स्वतःचं नाव वेगळं आहे."

पुतण्याने चमकून पाहिलं. त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. गुरुजी आता शास्त्र काढणार म्हणून मी मनातून भांडायच्या तयारीत होते. पण त्या तरुण माणसाने पळीतलं पाणी तसंच धरून ठेवलं.

"सांगा ना, ताई. तुम्ही म्हणा, मी तुमच्यामागून म्हणतो."

मी म्हटलं. त्यांनी माझ्यामागून म्हटलं, माझ्या चुकीसकट. मग पुतण्याने म्हटलं. मुंबईच्या मोकळ्या हवेत इतक्या मोठ्याने ते नाव पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असेल, आणि ज्यांच्यासाठी होतं त्या ऐकायला नव्हत्या. मी तिथेच बसून खूप रडले.

आता समोरचं दार बंद असतं. दुपारी ऊन तसंच आत येतं आणि मी निवडलेलाच तांदूळ ताटात घेऊन पुन्हा निवडत बसते. बोटाने त्यात रेघ ओढते, पुसते, आणि हळूच ते नाव घेते, दोन्हीकडे आवाज वर नेऊन, काही विचारत असल्यासारखं. कधी वाटतं, आज जमलं. पण जमलं की चुकलं, हे सांगणाऱ्या काकूंचा काळ त्या उन्हासारखाच ताटावरून, जमिनीवरून, भिंतीवरून कधीच पुढे सरकून गेला आहे, आणि माझ्याजवळ एक प्रश्नासारखी हाक तेवढी उरली आहे, जिला ओ देणारं कुणी नाही.