नवऱ्याची ऑडिशन

दिग्दर्शिकाबाईंचा एक नियम होता. ऑडिशन झाली की निकाल तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, ज्याच्या त्याच्या तोंडावर. ‘कळवतो’ हा शब्द त्यांच्या तालमीच्या हॉलमध्ये चालत नसे. माणसाला झुलवत ठेवायला त्यांना मनापासून लाज वाटे, आणि नकार पचवून गेलेली माणसंही पुढे त्यांचं नाव काढत.

त्या एक जुनं संगीत नाटक नव्या संचात उभं करत होत्या, आणि नायकाच्या रांगेत खुद्द त्यांचा नवरा होता. पूर्वी हीच भूमिका त्याने गाजवली होती. ती हातची गेली तर नायक म्हणून आपला कारभार आटोपला, हे तो घरी बोलला होता. बाईंनी एवढंच सांगितलं होतं, की रांगेत ये.

तो आला, गायला आणि हॉल खिशात टाकला. पेटीवाल्याची मान डोलून डोलून दुखली असेल. आधी गाऊन गेलेला तरुण याच्यापुढे कच्चं मडकं होता. बाईंचा ऊर भरून आला. आता प्रेमाचा प्रवेश झाला की प्रश्न मिटला, असं त्यांना वाटलं.

नायिका नवखी पोरगी. त्या तरुणाबरोबर गाताना ती ओळ विसरली होती, तेव्हा दोघंही लाजून लालेलाल झाली होती आणि बघणारेही गालात हसले होते. आताही ती नेमकी तिथेच अडखळली. नवऱ्याने हळूच ओळ पुरवली, तिने ती झोकात उचलली, आणि खूश होऊन त्याने तिच्या डोक्यावर थोपटलं.

“शाबास, बाळा.”

हॉल खो खो हसला. तोही हसला, आणि मग त्याचा हात तसाच हवेत राहिला.

बाई उठल्या. आज एकदाच ‘कळवते’ म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं होतं.

“गाणं तुझंच सरस झालं,” त्या म्हणाल्या. “पण नायक तो मघाचा पोरगा. तू तिचा प्रियकर दिसत नाहीस, बाप दिसतोस.”

तो सावकाश त्यांच्या टेबलापाशी आला.

“बाकीचे नकार ऐकून आपापल्या घरी जातात. मला तुझ्याच घरी यायचंय. चालेल ना?”

बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. ज्यांच्या आवाजाला अख्खा हॉल टरकायचा, त्यांना ‘चालेल’ एवढं म्हणायला दोनदा खाकरावं लागलं.