एक तारखेला पडलेली माणसं

ज्या दुखण्याची तारीख माणसाला आठवत नसे, ते दुखणं हेमांगी बिरनाळे त्या महिन्याच्या एक तारखेला नेऊन ठेवी, आणि ते खरोखरच तिथे जाऊन बसे. तिनं आकडा टाकला की जुन्या फोटोतल्या अंगावर पुरळ उठे आणि आजचं अंग स्वच्छ होई. मिरजेतल्या औषधचाचणीच्या त्या कचेरीत याचं कोणाला नवल नव्हतं. मागच्या एक तारखा मात्र इतक्या भरल्या होत्या की आठवल्या तरी हेमांगीला गुदमरायला होई. त्या तारखांना कचेरीच्या जिन्यात माणसंच माणसं, आपापली पाळी येताच पडणारी, ओकणारी, खाजवणारी.

नियम काही तिच्या घरचा नव्हता. जगभरच्या चाचण्यांचे तक्ते एकाच साच्यात भरायचे, म्हणजे मिरजेचा ताप आणि परदेशातला ताप एका ओळीत वाचता येतो. दिवस माहीत नसेल तर एक तारीख धरायची. अकरा वर्षांत आपला एकही रकाना रिकामा गेला नाही, हे ती पाहुण्यांना चहाआधीच ऐकवत असे.

तीस जूनला दुपारी चारला सुंदराआक्का खोत हाताला प्लास्टर घालून आली. रक्तदाबाच्या नव्या गोळीच्या चाचणीतली ही शेवटची बाई. पाचला तक्त्यांना कायमचं कुलूप लागणार होतं, मग एकही आकडा बदलता येणार नव्हता.

"आक्का, चक्कर येऊन पडलात ते कधी?"

"जूनमधीच. तारीख न्हाई ध्यानात."

हेमांगीनं एक जून टाकली. प्लास्टर पिवळं पडलं, भेगाळलं आणि टेबलावर गळून पडलं. आक्कानं मनगट फिरवून पाहिलं. हाड जुळलं होतं. फायलीत बारा जूनचा, पहिली गोळी घेतानाचा फोटो होता. त्यात आता तिच्या हाताला प्लास्टर होतं.

"म्हंजे गोळीच्या आधीच पडले व्हय मी?"

"आता तसंच आहे."

"मग गोळीत खोट न्हाई."

"नाही."

आक्का फोटोकडे बघत राहिली. "मी गोळीनंतर पडलीया. माझी जाऊ शालन परवापासनं पुढल्या चाचणीत हीच गोळी घेणार हाय. ती बी पडंल की."

"खरी तारीख आणा, मी लिहिते," हेमांगी ठासून म्हणाली. "खऱ्या तारखेला माझ्या तक्त्यात कोणी अडवत नाही."

"सिलेंडर लावला, कॅलेंडरावर लिवलं, वळले आन् पडले." आक्कानं लगेच जावेला फोन लावला.

साडेचारला शालन भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून घेऊन आली. जूनच्या पानावर एकचा चौकोन काळाकुट्ट झाला होता. सिलिंडर, दळण, बारसं, दवाखाना, सगळं एकावर एक. बाकीचे एकोणतीस चौकोन कोरे होते. आक्काचं पडणं ओढताना हेमांगीनं तिचा अख्खा महिना ओढून आणला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिला स्वतःच्या कामाची लाज वाटली.

"हात बरा झाला न्हवं? सुंठीवाचून खोकला गेला," शालन म्हणाली. "आता हात दाखवून अवलक्षण कशाला? चला घरी."

हेमांगीनं पान उलटलं. आक्काला बॉलपेन दाबून लिहायची खोड होती. शाई सरकली होती, पण कागदाला बसलेला दाब जागचा हलला नव्हता. एकोणीसच्या पाठीमागे अक्षरं वर आली होती. तिनं ती बोटानं वाचली. सिलिंडर.

"एकोणीस," ती म्हणाली. "पण आक्का, मी हे टाकलं की तुमचा हात..."

"म्हाईत हाय. लिव तू." आक्कानं बरा झालेला हात टेबलावर ठेवला आणि पदराचा बोळा दातांत धरला.

पाचला सात मिनिटं कमी होती. हेमांगीनं एकोणीस टाकलं. हाड कडकन वाजलं. आक्का ओरडली नाही, शालन ओरडली. मनगट सुजलं आणि त्याच्यावर पांढरं प्लास्टर चढलं.

जिन्यात पावलं वाजली. दारात माणसं उभी होती, त्यांच्यामागे खालपर्यंत आणखी माणसं, सगळी एक तारखांची, तिच्या ओळखीची. प्रत्येकाच्या काखेत गुंडाळलेलं कॅलेंडर होतं. पहिल्या म्हाताऱ्यानं आपलं कॅलेंडर टेबलावर पालथं पसरलं आणि धडधाकट पाय उचलून तिच्यासमोरच्या खुर्चीवर ठेवला.