पहिल्या आवृत्तीचं पहिलं पान

मी एक जुनी आवृत्ती आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे फक्त सहा वर्षांची, पण दुसरी आवृत्ती निघाली की पहिली एका दिवसात म्हातारी होते. माझं नाव 'आकाशफिरस्ते'. मी खेळाचं पुस्तक. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी अंतराळयानातली माणसं. सूत्रधार विचारतो, "समोर अनोळखी ग्रह आहे, काय करता?" मग तुम्ही बोलायचं. जमलं की फसलं, ते दोन फासे ठरवतात आणि फासे कसे वाचायचे ते मी सांगते.

माझा जन्म लवळ्यात, भिकूकाकांच्या झेरॉक्सच्या दुकानात झाला. चौसष्ट पानं, निळं प्लास्टिकचं कव्हर आणि कडेला काळी गोल तार. आम्ही अकरा जणी होतो. अकराव्या प्रतीला मशीनमधली शाई संपत आली, ती मी. म्हणून माझी शेवटची पानं जरा फिकट आहेत.

मला तिथल्या कॉलेजातल्या तिघांनी लिहिलं. निषादने यानांचे नियम केले, जान्हवीने ग्रहांचे नकाशे काढले. तिसरी उत्कर्षा, कोळवणकडची. तिच्या आजोबांची, म्हसूबाबांची मेंढरं होती. पहिल्यांदा खेळ खेळून बघितला तेव्हा तो अगदीच रटाळ झाला होता. ग्रहावर उतरा, लुटा, निघा. सगळे जांभया द्यायला लागले. तेव्हा उत्कर्षा म्हणाली, "आमची मेंढरं दुसऱ्याच्या रानात बसवतात. लेंडीखत रानाला मिळतं, आम्हाला धान्य मिळतं. काही दिल्याशिवाय कुणी उतरू देतं का? यानालाही तसंच करू या ना."

असा 'मुक्काम' हा नियम झाला. ग्रहावर उतरायचं तर आधी सांगायचं, आम्ही इथे काय ठेवून जाणार. आणि एका ग्रहावर मुक्काम तीनच, चौथा नाही. त्या एका नियमाने खेळात जीव आला. पोरं कॅन्टीनमध्ये तासन् तास भांडायची, ग्रहाला काय द्यायचं यावरून! कुणी बियाणं देई, कुणी गाणं, एकाने तर यानातला स्वयंपाकीच देऊन टाकला.

माझं पहिलं पान उत्कर्षाने हाताने लिहिलं होतं. त्यावर तीन नावं होती: उत्कर्षा, निषाद, जान्हवी. ती स्वतःचं नाव शेवटी लिहीत होती. निषादनेच तिचा हात धरला. "वेडी आहेस का? तुझं नाव आधी. मुक्काम नसता तर खेळच नव्हता." हे त्याचे शब्द आहेत. मी ऐकलेत.

तीन वर्षं माझी चैन होती. माझ्यावर चहा सांडला, भज्यांचं तेल लागलं, पण कोण कौतुक! मग कॉलेज संपलं. दहा बहिणींतली एक पावसात भिजली, एक गळक्या पत्र्याखाली ठेवली गेली, बाकीच्या रद्दीत गेल्या. मी उत्कर्षाबरोबर कोळवणला आले आणि पत्र्याच्या पेटीत पडून राहिले. ती उरवड्याच्या कारखान्यात तपासणी विभागात लागली. तिला वेळ नसायचा. मी रुसले नाही.

यंदा निषादचा फोन आला. "दुसरी आवृत्ती काढतोय. जुनी प्रत आहे का गं? काचेच्या पेटीत ठेवू, लोकांना कळेल सुरुवात कुठून झाली."

उत्कर्षाने मला कोरड्या फडक्याने पुसलं. तिचे डोळे लकाकत होते. मीही हुरळले, खोटं कशाला बोलू? काचेची पेटी! दुसऱ्याच दिवशी ती मला लवळ्याला देऊन आली.

प्रकाशनाच्या कार्यक्रमाच्या सकाळी निषादने मला उघडलं, पहिलं पान चिमटीत धरलं आणि ओढलं. गोल तारेतून पान काढणं किती सोपं, मित्रांनो! एक ओढ, चर्र, संपलं. कागदाचे चार तुकडे तेवढे तारेत अडकून राहिले. पान त्याने चुरगळलं नाही. नीट घडी घालून खिशात ठेवलं. त्याला पुरतं ठाऊक होतं आपण काय करतोय ते, आणि याचाच मला जास्त राग आहे.

कॉलेजच्या सभागृहात माझ्या काचेच्या पेटीशेजारी दुसरी आवृत्ती मांडली होती. जाड पुठ्ठा, रंगीत चित्रं, तीनशे पानं. ती देखणी आहे, मी नाही कशाला म्हणू? पण माझा मुक्काम तिच्यात 'ग्रह-विनिमय यंत्रणा' झाला होता. तीनचे पाच मुक्काम झाले होते. कव्हरवर 'निर्मिती: निषाद', खाली बारीक अक्षरात 'चित्रं: जान्हवी'. बस.

उत्कर्षा मागच्या रांगेत बसून नव्या आवृत्तीची पानं चाळत होती. एकदा चाळली, पुन्हा चाळली. तेवढ्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी, अपेक्षा, उठली. "सर, पाचच मुक्काम का?"

निषाद हसला. "खेळाचा तोल सांभाळायला."

"तीन होते," उत्कर्षा उभी राहून म्हणाली. "मेंढरं एका रानात जास्त बसवली तर खताने पीक जळतं. म्हणून तीन. हा नियम माझा आहे. पहिल्या आवृत्तीत पहिल्याच पानावर बघा."

अपेक्षा धावत आली. तिने काचेचं झाकण उचलून मला उघडलं. आत सरळ अनुक्रमणिका! तारेतले तुकडे तिला दिसले नाहीत, तिने नकारार्थी मान हलवली.

"पहिल्या आवृत्तीत नावं नव्हतीच," निषाद शांतपणे म्हणाला. "सगळ्यांचं मिळून काम होतं ते."

उत्कर्षाने जान्हवीकडे बघितलं. जान्हवी मोबाइलमध्ये बघत राहिली. आणि मी? मला तिथे साक्षीला आणलं होतं, आणि माझ्याच तोंडून खोटं वदवलं. जिने मला लिहिलं, तिला मी भर सभेत खोटं पाडलं. त्या काचेच्या पेटीला आग लागो!

उत्कर्षाने मला उचललं आणि एसटीने घरी आणलं. ओट्यावर म्हसूबाबा आणि उत्कर्षाची धाकटी बहीण नंदा बसले होते. नंदाने मला उलटसुलट करून पाहिलं. "ताई, तुजं नाव कुटं हाय यात?"

"व्हतं. फाडलं त्यानं."

"मग दुसरं पान लाव की!" म्हसूबाबा म्हणाले. "आन् त्याचं नाव गाळ. लई शाना हाय."

उत्कर्षाने वहीचं कोरं पान घेतलं, दाभणाने भोकं पाडली. मी मनात म्हणत होते, गाळ, गाळ मेल्याला! तिने लिहिलं: उत्कर्षा. मग थांबली. मग लिहिलं: निषाद. मग जान्हवी.

"अगं, त्याचं कशाला?" नंदा ओरडली.

"यानांचे नियम त्यानंच केले व्हते," उत्कर्षा म्हणाली. "मी खोटं लिव्हलं तर त्याच्यात अन् माज्यात फरक काय ऱ्हायला?" एवढं बोलून ती रडली.

मी तिच्याएवढी मोठ्या मनाची नाही, मित्रांनो. तिकडे ती देखणी दुसरी आवृत्ती दुकानात विकली जातेय आणि तिच्यात उत्कर्षाचं नाव अजून नाही. म्हणून एवढंच मागते. पुस्तक नवं असो की जुनं, हातात घेतलंत की आधी नावांचं पान बघा. जुन्यात ते एकटंच कोरं करकरीत वाटलं तर कडेची तार नीट तपासा. माझ्या तारेतले ते चार तुकडे उत्कर्षाने मुद्दाम तसेच ठेवलेत.