यादीला हात लागत नाही

व्यंकटराव हेडक्लार्कनं तंबाखू मळलेलं बोट माझ्या कीबोर्डवर टेकवलं आणि म्हणाला, "सूर्यभान, सातव्या नंबरचं तेवढं बदल."

ते बटण मला नंतर रॉकेलनं पुसावं लागलं.

परभणीच्या आमच्या कार्यालयात तेवढा एकच संगणक, त्र्याण्णव साली आलेला. शिकवायला कोणी आलं नाही. इंग्रजी पुस्तक आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन मी आठ महिने झटलो आणि शिक्षक भरतीचा प्रोग्रॅम एकट्यानं लिहिला. तोवर साहेब लोकांना ते मशीन म्हणजे टेबलक्लॉथ घालून ठेवायची वस्तू होती.

"सातव्याचं काय, भाऊसाहेब?"

"तिथं त्या वाव्हळेच्या पोरीचं नाव यायलंय. ते काढ, दत्तरावचं टाक. साहेबाच्या मेव्हण्याचा पोरगा हाय."

"यादीला हात लागत न्हाई."

"म्हंजे? तूच केलीस की!"

मी यादी केलीच नव्हती, हेच त्याला कळत नव्हतं. भरतीत कितवी जागा खुली, कितवी राखीव, हे आधीच ठरलेलं असतं. त्या नंबराला बिंदू म्हणतात. सातवा बिंदू अनुसूचित जातीचा, म्हणजे आमचा. आमच्याकडं हे बिंदू वर्षानुवर्षं रजिस्टरात पेन्सिलीनं लिहायचे आणि खोडरबरानं पुसायचे. म्हणून मी प्रोग्रॅममधी 'याला घे, त्याला टाक' असे हुकूम लिहिलेच नाहीत. काय खरं असलंच पाहिजे, तेवढं लिहिलं. तेरा नियम. उमेदवारांची माहिती एकीकडं, नियम एकीकडं, आणि यादी कुठंच साठवलेली नाही. विचारली की ती दरवेळी नव्यानं उभी राहायची. एक गोष्ट बदलली की तिच्यावर टेकलेलं सगळं आपोआप बदलायचं. नियम मोडला की मशीन नामंजूर म्हणायचं आणि कारण छापून द्यायचं.

सत्यशीला वाव्हळे पूर्ण्याची. बाप रेल्वेत गँगमन. पुढच्या महिन्यात तिचं नोकरीचं वय निघून जाणार होतं. ही शेवटची भरती, हे तिलाही माहीत होतं आणि व्यंकटरावलाही.

व्यंकटरावनं डोकं खाजवलं. मग त्याचे डोळे चमकले.

"आसं कर. तो बन्सीधर खंदारे तुमचाच हाय न्हवं? खुल्यात तिसरा आलाय. त्याला सातव्यावर दाखव. तुमची जागा तुमच्याच माणसाला. तिसरी जागा मोकळी झाली की तिथं दत्तराव बसतोय. कुणाचं काय गेलं?"

"वाव्हळे बाईची नोकरी गेली."

"आरं, दोनदोन जागा कशाला पायजेत तुमाला? तोंड वाकडं कशाला करायलास?"

तो हसला तेव्हा तंबाखूचा रस ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आला. तो त्यानं टेबलावरच्या एका अर्जाला पुसला. अठ्ठ्याहत्तरला, नामांतराच्या दंगलीत, आमच्या वस्तीवर पलिते घेऊन आले होते, ते ओरडत तरी आले होते. हा माणूस मला चहा पाजून, खांद्यावर हात ठेवून घर पेटवायला सांगत होता. आणि काडीही माझ्याच हातानं ओढायला पाहिजे होती त्याला.

"टाकून बघतो," मी म्हणालो.

टाकलं. प्रिंटर करकरला. कडेला भोकं असलेल्या कागदावर उमटलं: बिंदू ७, खंदारे, नामंजूर. नियम ९: खुल्या जागेवर गुणांनी आलेला उमेदवार राखीव बिंदूवर मोजता येत नाही. बिंदू ३, दत्तराव, नामंजूर. बिंदू ७ ची हक्कदार: वाव्हळे सत्यशीला.

"हा नऊ नंबर काढून टाक."

"तो सरकारचा हाय. मी निस्ता लिवलाय."

"मग घाल चुलीत तुझं मशीन! कमलबाई, घ्या टायपाला."

टायपिस्ट कमलबाईनं खाली मान घालून दत्तरावसकट यादी बडवली. वर मथळा: 'संगणकाद्वारे तयार केलेली निवड यादी'. टाईपरायटरवर!

एवढ्यावर भागलं नाही. व्यंकटराव म्हणाला, "सूर्यभान, मागं तुझी ती भोकाभोकाची कागदं लाव. फाईल संगणकाची दिसाय पायजे."

"कोणती लावू?"

"कोणची बी लाव. कोण वाचायलंय?"

खरंच कोणी वाचत नव्हतं. आमचे साहेब, आबासाहेब, फोनवर बोलत सह्या करायचे. सही हवी तिथं व्यंकटराव पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवायचा. साहेब फुली शोधायचे, 'पाहिले, मान्य' लिहायचे, सही ठोकायचे. शिपाई गोल शिक्का मारायचा. अख्खा जिल्हा त्या फुलीवर चालला होता.

मी नामंजुरीचा कागद लावला. पेन्सिल घेतली आणि खाली बारीक फुली मारली.

फाईल संध्याकाळी परत आली. नऊ नंबरच्या नियमाखाली साहेबांची सही, तारीख, शिक्का.

दुसऱ्या दिवशी सत्यशीला बोर्डावरची यादी वाचून माझ्यापाशी आली. रडली नाही. "जय भीम दादा. माझं नाव न्हाई."

मी तिला त्या कागदाची नक्कल दिली. तिनं दोनदा वाचली. "तुमची नोकरी?"

"तू आत जा आधी."

मी तिच्या मागंच गेलो. व्यंकटराव साहेबांच्या टेबलाशीच उभा होता. तिनं कागद साहेबांच्या पुढ्यात ठेवला. "साहेब, ही सही तुमचीच ना? मग बोर्डावर दुसरीच यादी कशी? हा कागद मी कोर्टात देऊ का?"

आबासाहेबांनी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपण सही केलेला कागद वाचला असावा. चांगला वरपासून खालपर्यंत. मला वाटलं, आता विचारतील, हिचं नाव कुणी काढलं.

त्यांनी विचारलं, "व्यंकटराव, इथं फुली कुणी मारली?"

"मी मारली," मी म्हणालो.

दुपारी दोन ऑर्डरी निघाल्या. सत्यशीलाची नेमणूक, आणि माझी सोनपेठच्या गोदामात बदली. दोन्ही कमलबाईनं टाईप केल्या. दोन्हींवर व्यंकटरावनं फुल्या मारल्या. साहेब फोनवर मेव्हण्याशी बोलत होते. दोन्हींवर सही करून त्यांनी फाईल न बघताच ढकलून दिली.